डोरली : चवथीच्या पत्रीतील काटेरी रानझुडूप

डोरली ही वांगे, बटाटा, मिरची आणि धोतरा यांच्या कुळातील रानवनस्पती होय. संस्कृतात तिला बृहती म्हणतात. मराठीत मोठी रिंगणी हे नावही रूढ आहे. जुन्या वनस्पतिग्रंथांत तिची नोंद ‘सोलॅनम इंडिकम’ अशी आढळते. अलीकडे ‘सोलॅनम व्हायोलेशियम’ किंवा ‘सोलॅनम अँग्विव्ही’ ही नावे वापरली जातात. गणेशपूजनातील २१ पत्रींत डोरली आणि धोतरा अशी या कुळाची दोन पाने आहेत.

ओळख : हे झुडूप साधारण एक ते दीड मीटर उंच वाढते. खोडावर व पानांच्या शिरांवर बाकदार काटे असतात. पाने कातरलेली व खालच्या बाजूस लवयुक्त, तर फुले फिकट जांभळी, पाच पाकळ्यांची असतात. पिवळ्या परागकोशांच्या टोकाशी बारीक छिद्रे असतात. भुंगा फुलाला बिलगून अंग थरथरवतो, तेव्हाच पराग बाहेर पडतो. आपल्या परिचयाच्या मधमाशीला हे साधत नाही. वाटाण्याहून किंचित मोठी फळे पिकल्यावर नारिंगी-तांबडी होतात. पक्षी ती खातात आणि बिया दूरवर पोहोचवतात.

गल्लत : मूळच्या अमेरिकेतील ‘सोलॅनम टॉर्व्हम’ हे रानवांगे रस्त्याकडेला माजते. त्याची फुले पांढरी असतात आणि फळे तांबडी होत नाहीत. भुईरिंगणी जमिनीलगत पसरते व तिची फळे पिवळी होतात.

उपयोग व संकट : आयुर्वेदातील दशमुळांत बृहतीचा समावेश होतो. औषधासाठी मूळ हवे असल्याने अख्खे झुडूप उपटले जाते. रानाच्या कडा, कुंपणे आणि पडीक जमिनी हे तिचे घर. डिचोलीत लोहखनिजाच्या खाणींनी अशा जमिनी गिळल्या. पेडण्यात मोपच्या सड्यावर विमानतळ उभा राहिला आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. अशा बदलांत मोठे वृक्ष मोजले जातात, झुडपांची गणती होत नाही.

जतन : पूजेला मोजकी पाने पुरतात, ती खुडल्याने झुडूप मरत नाही. पिकलेल्या फळांतील बिया परसातील कुंपणाशी रुजवता येतात. या कुळातील अनेक वनस्पती विषारी असल्याने वैद्यांच्या सल्ल्याविना फळ वा मूळ पोटात घेऊ नये. माटोळीसाठी रानात जाणाऱ्याने डोरलीचे मूळ मातीतच राहू द्यावे. पुढच्या चवथीची पत्री त्यातूनच फुटणार आहे.