शिरस्त्राण, बांधकामावरील
वरून पडणाऱ्या विटा, पाने, सळ्या यांपासून डोके वाचवणारी कडक टोपी. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या एडवर्ड बुलार्ड यांनी १९१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वाफवलेला कॅनव्हास, सरस आणि काळा रंग वापरून तिचा आद्य नमुना बाजारात आणला. १९३३ मध्ये सुरू झालेल्या गोल्डन गेट पुलाच्या कामावर मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी ती सक्तीची केली.

आज कवच बहुधा प्लॅस्टिकचे असते, पण खरे काम आतली पट्ट्यांची जाळी करते. कवच व डोके यांत ती मोकळी जागा राखते आणि आघात पसरवते. त्या पोकळीत रुमाल, तंबाखूची पुडी कोंबणे म्हणजे टोपीच निकामी करणे. साइटवर हे सर्रास दिसते.

भारतात घेताना आयएस २९२५ ही खूण पाहावी. विजेच्या कामाला हवेची भोके असलेली टोपी चालत नाही. उंचीवर हनुवटीचा पट्टा हवाच.

उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होते; रंग फिकटला, पृष्ठभाग खडूसारखा झाला की टोपी बदलावी. धुण्यास साबण व कोमट पाणी पुरे, थिनर नको. जोराचा मार बसलेली टोपी, तडा दिसो न दिसो, बाद करावी.