परत फिरलेला स्मगलर

शूरांचा इतिहास मी शाळेत घोकला. पण मनात घर केलं ते एका स्मगलरनं. तोही अंतराळातला आणि काल्पनिक! जॉर्ज लुकासच्या 'स्टार वॉर्स'मध्ये १९७७ साली हा हान सोलो अवतरला. डोक्यावर जब्बा नावाच्या गुंडाचं कर्ज, बुडाखाली खटारा यान. प्रवाशांना न्यायचं भाडं ठरलं १७ हजार! भूमिका करणारा हॅरिसन फोर्ड त्याआधी पोटासाठी सुतारकाम करी.

ऐन लढाईच्या तोंडावर हा गडी बक्षिसाची रक्कम घेऊन चालता झाला. मी त्याला तत्काळ ओळखलं. अहो, हा तर मीच! शेजारी भांडण लागलं की 'आपल्याला काय करायचंय' म्हणत कडी लावणारा. फरक एवढाच, की तो परत फिरला आणि ल्यूक वाचला. २०१५च्या चित्रपटात तो मेला, तेही बिघडलेल्या मुलाला घरी आणायला गेला असताना.

परवा रात्री शेजारून बाईचा ओरडा आला. मी सवयीनं कडी लावली, पलंगापर्यंत गेलो... आणि परत फिरलो. छत्री घेऊन कडी काढली. हात थरथरत होता, तेवढं मात्र इतिहासात घालू नका.