चाकाच्या बेअरिंगचे ग्रीज

चाकाच्या बेअरिंगचे ग्रीज हे वाहनाचे चाक ज्या बेअरिंगवर फिरते, त्यात भरले जाणारे अर्धघन वंगण होय. बेअरिंगला मराठी परिभाषेत 'धारवा' अशी संज्ञा आहे. धातूच्या पृष्ठभागांमध्ये तेलाचा पातळ थर टिकवणे, गंज रोखणे आणि धूळ व पाणी आत येऊ न देणे ही या वंगणाची प्रमुख कार्ये आहेत. शर्यतीच्या मोटारीसाठी ग्रीज निवडताना वेगापेक्षा ब्रेकमधून येणारी उष्णता निर्णायक ठरते, तर मालवाहू गाडीसाठी भार व पाणी हे घटक महत्त्वाचे असतात. सातारा व सांगली जिल्ह्यांत घाटरस्ते, ऊसवाहतूक आणि कृष्णाकाठचे पूर यांमुळे या तिन्ही घटकांचा प्रत्यय येतो.

पूर्वपीठिका

लाकडी चाकांच्या बैलगाडीत बेअरिंग नसे. चाकाचा तुंबा आसावर घासत फिरे आणि त्यात एरंडेलासारखे दाट तेल घालत. रबरी टायरच्या बैलगाड्या, म्हणजे ऊसपट्ट्यातील 'टायरगाड्या', प्रचारात आल्यावर चाकात बेअरिंग आले आणि तेलाची जागा ग्रीजने घेतली. लिथियम साबणावर आधारित ग्रीजचे एकस्व क्लॅरेन्स अर्ल यांना १९४२ मध्ये अमेरिकेत मिळाले. पुढे हाच प्रकार जगभर सर्वाधिक वापरात आला.

घटक

ग्रीजमध्ये मूळ तेल, त्याला धरून ठेवणारा घट्टकारक पदार्थ आणि गंज, झीज व ऑक्सिडीकरण रोखणारी पूरके असतात. वंगणाचे खरे काम तेल करते. घट्टकारक पदार्थ स्पंजाप्रमाणे ते साठवून थोडेथोडे सोडतो. ग्रीजचा घट्टपणा 'एनएलजीआय' या प्रतवारीने दर्शवतात. ही प्रतवारी ००० पासून ६ पर्यंत असते. चाकाच्या बेअरिंगसाठी बहुधा २ क्रमांकाचे, तर काही वेळा ३ क्रमांकाचे ग्रीज वापरतात. हा क्रमांक घट्टपणा दाखवतो, गुणवत्ता नव्हे.

उष्णता आणि गळणबिंदू

ज्या तापमानाला ग्रीज वितळून त्याचा थेंब गळतो, त्यास गळणबिंदू म्हणतात. जुन्या पद्धतीच्या कॅल्शियम ग्रीजचा गळणबिंदू सुमारे १०० अंश सेल्सियस, साध्या लिथियम ग्रीजचा १८० ते २०० अंश, तर लिथियम कॉम्प्लेक्सचा साधारणपणे २५० अंशांहून अधिक असतो. कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्सचा गळणबिंदू ३०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. तथापि गळणबिंदू ही वापराची मर्यादा नव्हे. त्याच्या बऱ्याच आधी तेलाचे ऑक्सिडीकरण वेगाने सुरू होते. सर्वसाधारण नियमानुसार ७० अंशांच्या वर दर १५ अंशांना ग्रीजचे आयुष्य निम्मे होते.

शर्यतीचा मार्ग आणि घाट

ग्रेटर नोएडा येथील ५.१२५ किलोमीटर लांबीच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटसारख्या मार्गावर लांब सरळ पट्ट्यानंतर अचानक वळण येते. १,२०० किलोग्रॅमची मोटार ताशी २०० किलोमीटरवरून ८० किलोमीटरवर आणताना सुमारे १५ लाख ज्यूल ऊर्जा काही सेकंदांत बाहेर पडते. तिचा बराचसा भाग ब्रेकच्या तबकड्यांत उष्णतेच्या रूपाने साठतो आणि तिथून हबमार्गे बेअरिंगपर्यंत पोहोचतो. याच वेगाला सुमारे १.९ मीटर परिघाचे चाक मिनिटाला साधारण १,७५० फेरे घेते. चांगल्या ग्रीजला हा वेग अवघड नसतो. कसोटी लागते ती उष्णतेची.

असाच अनुभव पसरणी घाटात येतो. पाचगणीहून वाईपर्यंतचा उतार सुमारे ५५० ते ६०० मीटरचा आहे. तेवढ्याच वजनाच्या मोटारीची तेथे ६५ ते ७० लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा कमी होते. चालकाने खालचा गिअर न ठेवता केवळ ब्रेकवर गाडी उतरवली, तर यातील मोठा वाटा ब्रेकवर येतो. अशा वापरासाठी उच्च तापमानाचे लिथियम कॉम्प्लेक्स किंवा तत्सम ग्रीज उपयुक्त ठरते. संश्लेषित मूळ तेल उष्णतेत अधिक काळ टिकते.

भार आणि पाणी

उसाची ट्रॉली ताशी २० किलोमीटरने जाताना तिचे सुमारे २.८ मीटर परिघाचे चाक मिनिटाला केवळ १२० फेरे घेते, परंतु भार प्रचंड असतो. कमी वेगात तेलाचा थर नीट तयार होत नाही. म्हणून येथे अधिक दाट मूळ तेल आणि अतिदाब पूरके असलेले ग्रीज लागते. शेतरस्त्यांवरील चिखलामुळे पाण्याने धुतले न जाणारे ग्रीज आवश्यक ठरते.

सांगली व परिसरात ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी शिरले होते. पुरात बुडालेल्या वाहनाचे उघडता येणारे बेअरिंग बाहेर काढून, धुऊन व कोरडे करून नव्याने भरावे. वरून ताजे ग्रीज दाबल्याने आत अडकलेले पाणी व गाळ निघत नाहीत.

मिश्रण व भरणे

लिथियम ग्रीजमध्ये पॉलियुरिया किंवा बेंटोनाइट ग्रीज मिसळल्यास ते पातळ होऊन वाहू शकते. रंगावरून प्रकार ओळखता येत नाही. म्हणून प्रकार बदलताना जुने ग्रीज पूर्ण काढणे हितावह असते. शंक्वाकार रोलरच्या बेअरिंगमध्ये रोलरांमधील जागा पूर्ण भरावी, मात्र हबची पोकळी एकतृतीयांश ते अर्धीच भरावी. जादा ग्रीज घुसळून तापते आणि सीलमधून ब्रेकवर आले तर ब्रेकची पकड जाते. अपुऱ्या वंगणाने बेअरिंग तापून चाक अडकू शकते. चाकातून येणारी घरघर, चाकाची डगमग आणि इतरांहून अधिक तापलेला हब ही बिघाडाची लक्षणे होत.

आधुनिक मोटारींत बहुधा सीलबंद हब असतात. त्यांत ग्रीज कारखान्यातच भरलेले असते आणि बिघाड झाल्यास पूर्ण हब बदलतात. इतर वाहनांसाठी निर्मात्याच्या पुस्तिकेतील प्रकार व प्रत प्रमाण मानावी.