अभिमानध्वजातून हरवलेला पारवा

#थ्रेड

१/ शाळा घाटनांदूरची असो वा गिरगावची, इंद्रधनुष्याचे सात रंग ‘तानापिहिनिपाजा’ या एकाच सूत्राने पाठ होतात. मात्र एलजीबीटीक्यू समूहाच्या प्राइड यात्रेतील ध्वजावर पट्टे सहाच. त्यात पारवा नाही. तो गेला कोठे?

२/ या ध्वजापूर्वी चळवळीचे परिचित चिन्ह होते गुलाबी त्रिकोण. नाझी छळछावण्यांत समलिंगी पुरुष कैद्यांच्या कपड्यांवर तो शिवला जाई. १९७०च्या दशकात चळवळीने तो अभिमानाने धारण केला; तरी मूळ खूण छळणाऱ्यांनीच दिलेली होती.

३/ सॅन फ्रान्सिस्कोचे कलावंत गिल्बर्ट बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःचे चिन्ह घडवले. कापड हाताने रंगवून शिवलेला आठ पट्ट्यांचा ध्वज २५ जून १९७८ रोजी फडकला. गडद गुलाबी म्हणजे लैंगिकता, तांबडा जीवन, नारिंगी व्याधिमुक्ती, पिवळा सूर्यप्रकाश, हिरवा निसर्ग, फिरोजी जादू व कला, पारवा शांतता आणि जांभळा चैतन्य.

४/ त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला त्या शहराचे समलिंगी लोकप्रतिनिधी हार्वी मिल्क यांची हत्या झाली आणि ध्वजाची मागणी वाढली. गडद गुलाबी कापड सहज मिळेना. तो पट्टा गळला. १९७९मध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ध्वज समान विभागून लावायचा, तर पट्टे सम संख्येत हवे होते. फिरोजी गळला, पारव्याच्या जागी निळा आला. रंग बदलले ते तत्त्वासाठी नव्हे, सोयीसाठी.

५/ १६ ऑगस्ट २००८ रोजी मुंबईची ‘क्वीअर आझादी’ यात्रा निघाली ती ऑगस्ट क्रांती मैदानावरून. ९ ऑगस्ट १९४२ रोजी अरुणा असफ अली यांनी ब्रिटिश सत्तेला न जुमानता तिरंगा फडकवला, तेच हे मैदान. ब्रिटिशांनी १८६०च्या दंडसंहितेत घातलेले कलम ३७७ मात्र २००८मध्येही कायम होते. त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद होती. अशा काळात हा ध्वज खांद्यावर घेणे म्हणजे स्वतःची ओळख भररस्त्यात सांगणे होते.

६/ २०११मध्ये पुण्यातही यात्रा निघाली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी प्रौढांमधील संमतीचे संबंध एकमताने गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले.

७/ ध्वजाचे पट्टे आठाचे सहा झाले, तरी अर्थ उणावला नाही. त्रिकोण लादलेला होता, इंद्रधनुष्य निवडलेले. चिन्हाचे बळ रंगांच्या संख्येत नसते. ते कोणी व का हाती घेतले, यात असते.