अमरावती-अकोल्याच्या नावाने ‘प्रिन्स’ झालेला, पण इथे कधीच राज्य न केलेला राजपुत्र कोण होता?

इंग्लंडच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ म्हणतात, हे बहुतेकांना माहीत असतं. पण आपल्या वऱ्हाडाच्या नावानेही एक ‘प्रिन्स’ होता. ‘हिज हायनेस द प्रिन्स ऑफ बेरार’. बेरार म्हणजे वऱ्हाड. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ हे त्याचे जिल्हे. आजचा वाशीम तेव्हा अकोल्यातच होता.

या प्रिन्सचं नाव आझम जाह. हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे ते थोरले चिरंजीव. गंमत म्हणजे ही पदवी मिळाली तेव्हा वऱ्हाडचा कारभार निजामाकडे नव्हता आणि नंतरही कधी आला नाही.

मग पदवी वऱ्हाडची का?

वऱ्हाड मुळात निजामाच्या राज्यात होता. इंग्रजांनी निजामाच्या खर्चाने एक फौज ठेवली होती, तिला ‘हैदराबाद कंटिंजंट’ म्हणत. तिच्या खर्चाची थकबाकी वाढत गेली आणि १८५३ च्या तहात निजामाला वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती द्यावा लागला. काळी कसदार जमीन आणि कापूस यामुळे हा मुलुख इंग्रजांना सोडायचा नव्हता.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्यावर घेतला. भाडं ठरलं वर्षाला २५ लाख रुपये. पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला.

उस्मान अली खान यांनी १९२० च्या दशकात वऱ्हाड परत मागितला. १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने ‘इंग्रज सरकारशी बरोबरीच्या नात्याने बोलता येणार नाही’ अशा अर्थाचं उत्तर देऊन मागणी फेटाळली.

शेवटी १९३६ मध्ये मधला मार्ग निघाला. वऱ्हाडवर निजामाचं सार्वभौमत्व मान्य झालं, पण कारभार मध्य प्रांतासोबतच राहिला. निजामाला ‘हैदराबाद आणि बेरारचे निजाम’ म्हणवून घेता आलं आणि त्यांच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. जमीन इंग्रजांकडे, नाव निजामाकडे, असा हा सौदा होता.

खलिफाची मुलगी, वऱ्हाडची ‘प्रिन्सेस’

आझम जाह यांचा जन्म १९०७ चा. १९३१ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात त्यांचं लग्न झालं. वधू होती दुर्रुशेहवार, ऑटोमन घराण्यातले शेवटचे खलिफा अब्दुल मजीद दुसरे यांची मुलगी. तुर्कस्तानने १९२४ मध्ये खिलाफत रद्द करून या कुटुंबाला देशाबाहेर काढलं होतं. परदेशात दिवस काढणाऱ्या खलिफाला निजाम दरमहा पैसे पाठवत. हे लग्न जुळवण्यात खिलाफत चळवळीतले मौलाना शौकत अली यांचा पुढाकार होता.

त्याच वेळी धाकटे भाऊ मुअज्जम जाह यांचं लग्न ऑटोमन घराण्यातल्याच निलोफरशी झालं. इस्तंबूलमध्ये जन्मलेली दुर्रुशेहवार पाच वर्षांनी पदवीने ‘प्रिन्सेस ऑफ बेरार’ झाली. पुढे हैदराबादेत तिच्या नावाने स्त्रिया आणि मुलांसाठी दवाखाना उभा राहिला.

या जोडप्याला दोन मुलं झाली, मुकर्रम जाह आणि मुफ्फखम जाह. नवरा-बायकोचं मात्र फार काळ जमलं नाही आणि दोघं वेगळे झाले.

वऱ्हाडच्या लोकांचं काय?

त्यांच्यासाठी हा नुसता मानाचा प्रश्न नव्हता. मध्य प्रांत-वऱ्हाडात १९३७ मध्ये निवडणूक होऊन मंत्रिमंडळ आलं. हैदराबादेत मात्र निवडून आलेलं विधिमंडळच नव्हतं. वऱ्हाड परत निजामाकडे गेला असता, तर इथल्या मतदाराच्या हातातलं मत जाण्याची भीती होती. आणि १९३६ चा करार झाला तो इंग्रज आणि निजाम यांच्यात, लोकांचा कौल न घेता.

१९४७ मध्ये इंग्रज निघाले तेव्हा हा प्रश्न पुन्हा वर आला, कारण करार करणारी एक बाजूच संपली होती. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत आणि हैदराबाद यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला आणि वऱ्हाड होता तिथेच राहिला. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद भारतात आलं आणि निजामाचा दावा उरला नाही. वऱ्हाड १९५० मध्ये मध्य प्रदेशात, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला.

वारसाला वारसा मिळालाच नाही

आझम जाह हैदराबादच्या फौजेचे सरसेनापती होते. पण त्यांचा खर्चिक स्वभाव आणि कर्ज यामुळे वडिलांची मर्जी उतरली. उस्मान अली खान यांनी मुलाला डावलून नातू मुकर्रम जाह यांना वारस नेमलं. १९६७ मध्ये आजोबा गेले आणि नातू आठवा निजाम झाला. म्हणजे वारस म्हणून ‘प्रिन्स’ झालेल्या माणसाला ना वऱ्हाड मिळाला, ना हैदराबादची गादी. १९७० मध्ये आझम जाह यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे बंद झाले.

मुकर्रम जाह यांनी ऑस्ट्रेलियात मेंढ्यांचा मोठा फार्म घेतला, पुढे तुर्कस्तानात राहिले. दुर्रुशेहवार २००६ मध्ये लंडनमध्ये गेल्या. मुकर्रम जाह यांचं निधन जानेवारी २०२३ मध्ये इस्तंबूलमध्ये झालं आणि हैदराबादच्या मक्का मशिदीत त्यांना दफन करण्यात आलं.

नीसमध्ये जन्मलेले, इस्तंबूलमध्ये गेलेले मुकर्रम जाह हे ‘प्रिन्स ऑफ बेरार’चे थोरले चिरंजीव. त्यांच्या वडिलांची पदवी ज्या मुलखाची होती, तिथल्या लोकांनी मात्र तोवर अनेकदा मतदान करून आपले राज्यकर्ते स्वतः निवडले होते.