वेदीपाशी पसरलेले वस्त्र

हिब्रू धर्मग्रंथांतील संदेष्ट्यांनी कर्मकांडावर टीका केली, हे विधान आता इतके रूढ झाले आहे की त्या टीकेचा नेमका विषय कोणता होता, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. बाह्य विधी खोटा आणि अंतःकरणातील भक्ती खरी, असे एक सोयीचे द्वंद्व त्यांच्या नावावर मांडले जाते. एकोणिसाव्या शतकातील जर्मन अभ्यासक युलियुस वेलहाउझेन यांनी संदेष्ट्यांचा उत्स्फूर्त धर्म आधीचा आणि याजकांचे विधिशास्त्र नंतरचे, अशी मांडणी केली. तेव्हापासून या द्वंद्वाला विद्वत्तेचेही पाठबळ मिळाले. मूळ ग्रंथ बारकाईने वाचू लागताच मात्र चित्र निराळे दिसते.

आमोसापासून प्रारंभ करू. इ. स. पू. आठव्या शतकाच्या मध्यास, दुसरा यरोबाम उत्तरेकडील इस्राएलच्या गादीवर असताना, दक्षिणेतील तकोवा गावचा हा मेंढपाळ बेथेलच्या राजमान्य मंदिरापाशी येऊन बोलू लागला. काळ भरभराटीचा होता. शोमरोनच्या उत्खननात सापडलेले हस्तिदंती कोरीवकाम आणि तेल व द्राक्षारस यांच्या नोंदींची खापरे त्या राज्याच्या संपन्नतेची साक्ष देतात. मंदिरांत यज्ञ होत होते, दशमांश अर्पण केला जात होता, गायनवादन चालू होते. विधीत कोठे उणे नव्हते. आमोसाचा आक्षेप वेगळाच आहे. वेदीशेजारी भक्त ज्या वस्त्रांवर पहुडतात ती गरिबांकडून गहाण घेतलेली आहेत, हा त्याचा आरोप आहे. व्यापारी सब्बाथ पाळतात खरा; पण तो केव्हा संपेल आणि पुन्हा धान्य विकायला केव्हा बसू, याकडेच त्यांचे चित्त लागलेले असते. धान्य मोजायचे त्यांचे माप लहान असते आणि गिऱ्हाइकाची चांदी तोलायचे वजन जड.

गहाण वस्त्राचा हा उल्लेख केवळ अलंकार नव्हे. निर्गमाच्या ग्रंथातील नियमसंहितेत, गहाण घेतलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे असा स्पष्ट दंडक आहे. कारण रात्री गरिबाच्या अंगावर घ्यायला तेवढे एकच असते. १९६० साली भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यालगत, मेसाद हशाव्याहू या प्राचीन गढीच्या जागी, खापरावर शाईने लिहिलेला एक हिब्रू लेख मिळाला. तो इ. स. पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धातील, म्हणजे आमोसानंतर शंभराहून अधिक वर्षांनीचा आहे. त्यात कापणी करणारा एक मजूर अधिकाऱ्याकडे दाद मागतो: नेमून दिलेले काम आपण पुरे केले असताना आपले वस्त्र काढून घेण्यात आले, सोबतचे मजूर याला साक्षी आहेत, ते परत मिळावे. या सामान्य मजुराचे खापर हाती आल्यावर आमोसाच्या वाणीतील वस्त्र प्रतीक राहत नाही. ते कोणाचे तरी पांघरूण होते, हे जाणवते.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. बेथेलचे भक्त दांभिकच होते, असे ग्रंथ म्हणत नाही. त्यांची भावना त्यांच्यापुरती मनापासूनची असू शकेल. संदेष्टा प्रथम त्यांचे अंतःकरण तपासत नाही. ते कोणाच्या वस्त्रावर बसले आहेत, हे पाहतो. यशयाने ओठ आणि हृदय यांतील अंतराविषयी सांगितले आहे हे खरे. परंतु त्याच्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात यज्ञ आणि उत्सव यांच्याबरोबर प्रार्थनाही नाकारली गेली आहे. कारण दिले आहे ते प्रार्थनेसाठी पसरलेल्या हातांवरील रक्ताचे, आणि उपाय सुचविला आहे तो अनाथ व विधवा यांना न्याय देण्याचा. वाद केवळ विधी आणि अंतर्भक्ती यांच्यात असता, तर प्रार्थना तरी या नकारातून सुटली असती.

हा विचार मांडणे सोपे नव्हते. बेथेलचा याजक अमस्या याने आमोसाला चालते व्हायला सांगितले. इ. स. पू. ६०९ च्या सुमारास, यहोयाकीमाच्या राज्यारंभी, यिर्मया यरुशलेमच्या मंदिराच्या आवारात उभा राहिला आणि हे मंदिर लुटारूंची गुहा झाल्याचे बोलला. गुहा ही लूट करण्याची जागा नसते. लूट करून आल्यावर निर्धास्त बसण्याची असते. मंदिराचा असा उपयोग होतो, हा त्याचा खरा आरोप होता. याजकांनी त्याच्यासाठी मृत्युदंड मागितला. तेव्हा काही वडीलधाऱ्यांनी, शतकभरापूर्वी मीखाने असेच भाकीत केले असूनही हिज्कीया राजाने त्याला मारले नव्हते, याची आठवण दिली, आणि शाफानाचा पुत्र अहीकाम याच्या आश्रयाने यिर्मया वाचला. अशीच वाणी उच्चारणारा उरीया मात्र मिसर देशात पळून जाऊनही पकडून आणून मारला गेला. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोनी सैन्याने ते मंदिर जाळले.

त्याहून विशेष हे की, ही टीका मंदिराच्याच परंपरेने जपली. स्तोत्रसंहितेतील एक्कावन्नाव्या स्तोत्रात ईश्वराला यज्ञ नको, भग्न हृदय हवे, असा आशय येतो. आणि लगेच अखेरच्या दोन ओळींत, यरुशलेमचे तट पुन्हा उभे राहिले म्हणजे वेदीवरील यज्ञ स्वीकारले जातील, अशी आशा व्यक्त होते. संपादकांनी या दोहोंतील एकही पुसले नाही. इ. स. ७० मध्ये रोमनांनी दुसरे मंदिर उद्ध्वस्त केल्यावर, पापक्षालनाचे स्थान गेले म्हणून शोक करणाऱ्या शिष्याला योहानान बेन झक्काई यांनी होशेयाच्या वचनाचा आधार देऊन, दयेची कृत्येही तितकेच क्षालन करतात, असे सांगितल्याची कथा रब्बींच्या परंपरेत आहे. टीकेसाठी उच्चारलेले वचन अशा रीतीने सांत्वनाला आले.

आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाजाजवळ दीर्घकाळ मंदिर नव्हते आणि ग्रंथही नव्हते. तरी शनिवारी त्यांचा तेलाचा घाणा बंद असे. म्हणून त्यांना 'शनिवार तेली' हे नाव पडले. आमोसाचा व्यापारीही सब्बाथ पाळत होताच. विधी दोन्हीकडे एकच आहे. फरक आहे तो दिवस मावळल्यावर हाती घेतल्या जाणाऱ्या मापात. विधीचा पोकळपणा विधीत शोधून सापडत नाही, ही या प्राचीन वाङ्मयाची शिकवण आहे. तो सापडतो बाजारात, न्यायसभेत आणि गहाण ठेवलेल्या पांघरुणात.