पांढऱ्या मोटारीचे पॉलिश व संरक्षक लेपन

मोटारीच्या पांढऱ्या रंगावर चिकटलेला मळ काढणे, हवा-उन्हाने निर्जीव झालेला पृष्ठभाग बारीक अपघर्षकाने घासून सपाट करणे आणि त्यावर मेण, बहुवारिक किंवा सिलिकायुक्त लेप चढवणे, अशी ही तीन टप्प्यांची प्रक्रिया आहे. गॅरेजमध्ये घासण्याला रबिंग किंवा बफिंग आणि लेपाला कोटिंग म्हणतात. पांढरा हा आज जगात आणि भारतातही मोटारींचा सर्वाधिक पसंतीचा रंग आहे.

रंगद्रव्य आणि चमक. पांढरेपणा येतो तो टायटॅनियम डायऑक्साइडच्या रूटाइल या स्फटिकरूपामुळे. रूटाइलचा प्रणमनांक सुमारे २.७, तर भोवतालच्या रेझिनचा सुमारे १.५. या मोठ्या फरकामुळे आत शिरलेला प्रकाश कणाकणांवरून वळत सर्व दिशांना विखुरतो व बाहेर पडतो. चमक ही याहून वेगळी गोष्ट आहे. ती सर्वांत वरच्या पृष्ठभागावरून आरशाप्रमाणे होणाऱ्या परावर्तनाची असते आणि सरळ समोरून पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के प्रकाश असा परततो. काळ्या गाडीत उरलेला प्रकाश शोषला जातो, त्यामुळे हे ४ टक्केही ठळक दिसतात. पांढऱ्या गाडीत खालच्या थरातून त्याच्या कित्येक पट विखुरलेला प्रकाश परत येतो आणि प्रतिबिंब त्यात फिके पडते. कितीही घासले तरी पांढऱ्याला काळ्याची खोली येत नाही; तसे आश्वासन ग्राहकाला देऊ नये.

याच कारणाने धुण्या-पुसण्यातून पडणारे ओरखड्यांचे गोलाकार जाळे पांढऱ्यावर सहसा नजरेत भरत नाही. पिवळट झाक, डांबराचे ठिपके, खिडकीच्या रबरापासून दारावर उतरणारे काळे ओघळ मात्र लगेच दिसतात. पांढरी गाडी निस्तेज वाटते तेव्हा दोष बहुधा ओरखड्यांचा नसून मळाचा असतो, आणि पॉलिशचे यंत्र हाती घेण्याआधी हे तपासलेच पाहिजे.

टायटॅनियम डायऑक्साइडला दुसरीही बाजू आहे. अतिनील किरणांत तो प्रकाश-उत्प्रेरक बनतो व स्वतःला धरून ठेवणाऱ्या रेझिनचेच विघटन घडवतो. जुन्या पांढऱ्या गाडीवर बोट फिरवल्यास खडूसारखी भुकटी लागते, ती यामुळे. ॲनाटेज या स्फटिकरूपात हा दोष अधिक असतो, म्हणून बाहेरच्या रंगांसाठी रूटाइल वापरतात आणि त्याच्या कणांना ॲल्युमिना व सिलिकाचे कवच देतात. केरळात कोल्लम जिल्ह्यातील चवरा येथे रूटाइल प्रतीच्या टायटॅनियम डायऑक्साइडचे उत्पादन होते.

थर. कारखान्यातून आलेल्या रंगाची एकूण जाडी साधारणतः १०० ते १४० मायक्रॉन असते. तीत पत्र्यालगतचा गंजरोधक थर, प्रायमर, रंग व वरचा पारदर्शक थर यांचा समावेश होतो. पारदर्शक थर बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो आणि पॉलिश याच थरावर होते. जाडीमापक मात्र एकूण जाडी दाखवतो. पारदर्शक थर किती उरला हे साध्या मापकावरून कळत नाही. चुंबकीय मापक लोखंडी पत्र्यावर चालतो, प्लास्टिकच्या बंपरवर नाही. साध्या पांढऱ्या रंगावर पारदर्शक थर देण्याची पद्धत काही गाड्यांत उशिरा आली. तो आहे की नाही हे कोपऱ्यात थोडे पॉलिश घासून पाहावे: फडक्यावर पांढरा रंग उतरला, तर रंग एकथरी आहे. त्यासाठी पांढरे नव्हे, रंगीत पॉलिश व गडद फडके घ्यावे.

तयारी. शाम्पूने धुऊन झाल्यावर डांबर द्रावकाने काढतात. रेल्वेमार्गालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर व चाकांच्या मागे ब्रेकमधील लोहकण रुततात, गंजतात आणि नारिंगी ठिपके दिसू लागतात. थायोग्लायकोलेट क्षाराचे द्रावण मारले की लोहाशी संयोग होऊन जांभळे ओघळ येतात. वास उग्र असतो. द्रावण गाडीवर वाळू न देता धुऊन टाकावे. कोकण-गोव्यातील जांभ्याची तांबूस धूळ पाण्याने निघते, पण दारांच्या सांध्यांत व रबराखाली राहते. उरलेला खरखरीतपणा ओल्या, निसरड्या पृष्ठभागावर क्ले (मळ ओढून घेणारा मातीसारखा मऊ गोळा) फिरवून काढतात.

घासणे. खोल ओरखड्यांसाठी कंपाउंड, शेवटच्या हातासाठी बारीक पॉलिश. अपघर्षक बहुधा ॲल्युमिना. एकाच अक्षावर फिरणारे यंत्र झपाट्याने कापते, पण अननुभवी हातात कडा जाळते व होलोग्राम (उजेडात चमकणारे घासण्याचे माग) सोडते. दुहेरी गतीचे यंत्र त्या मानाने सुरक्षित. पांढऱ्यावर दोष दिसत नसल्याने कारागीर गरजेपेक्षा जास्त घासतो, हा या कामातील सर्वांत मोठा धोका आहे. काढलेला थर परत येत नाही आणि त्याबरोबर अतिनील किरण अडवणारी द्रव्येही जातात. ही द्रव्ये वरच्या भागात अधिक साठलेली असतात का, याविषयी एकमत नाही. टॉर्चचा प्रकाश तिरपा टाकून पाहावे, सौम्य पॉलिशने सुरुवात करावी आणि तेवढ्याने भागले तर तिथेच थांबावे. बॉनेटच्या कडा व दारांवरील उठावदार रेघा यांवर रंग पातळ असतो. तिथे चिकटपट्टी लावावी. वाळलेले पॉलिश पांढऱ्यावर दिसत नाही, काळ्या प्लास्टिकवर मात्र पांढरट डाग राहतो.

लेप. कार्नाउबा मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातील ताडवर्गीय झाडाच्या पानांचे. वितळणबिंदू ८२ ते ८६ अंश सेल्सिअस. ते पांढऱ्या रंगाला पिवळट झाक देते, असे काही कारागीर मानतात; इतरांना ते पटत नाही. ‘टेफ्लॉन कोटिंग’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पदार्थांविषयी एवढे निश्चित की पीटीएफई, म्हणजेच टेफ्लॉन, सुमारे ३२७ अंशांना वितळते आणि रंगवलेली गाडी तेवढी तापवता येत नाही, त्यामुळे तो वितळवून बसवलेला थर नसतो. सिरॅमिक कोटिंग सिलोक्सेन वा पॉलिसिलाझेन यांपासून बनते, हवेतील ओलाव्याने घट्ट होते आणि मेणापेक्षा कितीतरी जास्त काळ टिकते. जाहिरातीतील ‘९एच’ हा पेन्सिल-कठीणतेचा अंक आहे. खनिजांच्या मोस मापनश्रेणीशी त्याचा संबंध नाही. असा लेप ओरखडे पूर्णपणे रोखत नाही. पाण्याचे थेंब गोळा होऊन ओघळतात हे खरे, पण बोअरवेलच्या जड पाण्याचे थेंब उन्हात वाळले तर त्यातील क्षार जागीच बसतात. पांढऱ्यावर ते लवकर लक्षात येत नाहीत, आणि लक्षात येईपर्यंत लेप कोरला गेलेला असतो. धुतल्यावर गाडी लगेच कोरडी करणे म्हणूनच लेपाइतकेच महत्त्वाचे.

मापन. चमक ६० अंशांच्या कोनात मोजतात. मूल्य ७०च्या वर गेल्यास २० अंशांचा कोन घेतात.

मोतिया पांढरा. पांढरा, अभ्रकाचा व पारदर्शक असे तीन थर. पॉलिशची रीत तीच, डागडुजीत रंग जुळवणे कठीण.

मॅट पांढरा. घासू नये, घासलेली जागा कायमची चकचकीत राहते.